'वर्ग' आणि 'वग्ग' : मुंबईच्या कामगार संघटनांच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संघटनांचा इतिहास आजवर तीन प्रकारच्या लेखकांनी लिहिला आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तो मजुरीचे दर, भरती आणि उत्पादन यांच्या अंगाने लिहिला. डाव्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी तो संपांचा आणि हुतात्म्यांचा इतिहास म्हणून लिहिला. आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रकारांनी तो बाबासाहेबांच्या जीवनातील एक प्रकरण म्हणून लिहिला. या तिन्ही लेखनांत एक वस्तुस्थिती समान आहे. गिरणीतील साचेखात्याचे, म्हणजे विणाईच्या खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते, हे तिघांनाही ठाऊक आहे. परंतु तिघेही एका परिच्छेदात ते नोंदवून पुढे जातात. प्रस्तुत लेखात त्या परिच्छेदापाशीच थांबून पाहण्याचा विचार आहे. कामगार संघटना ही खरोखर 'संघ' होती काय, या प्रश्नाचे उत्तर त्या दाराशीच मिळते, असे माझे मत आहे.

१. साचेखात्याचे दार

मुंबईतील पहिली कापड गिरणी काढणारी कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापन केली आणि १८५६ साली तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागात गिरण्यांची रांगच उभी राहिली आणि १९२८ पर्यंत कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली. कोकण आणि घाटावरून आलेल्या या लोकांत अस्पृश्य समाजातील स्त्री-पुरुषही होते. त्यांना गिरणीत काम मिळत होते, हे खरे. परंतु ते मिळत होते प्रामुख्याने सूतकताईच्या रिंग खात्यात, जेथे पगार कमी होता. विणाईच्या खात्यात उक्त्या दराने काम चाले व तेथील कामगाराची कमाई बरीच अधिक असे. त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता.

याचे कारण सांगितले जाई ते असे. साच्यावर कापड विणताना धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी भरावी लागे आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागणार. म्हणून अस्पृश्य कामगार तेथे आला तर इतरांना विटाळ होईल, असा हा युक्तिवाद. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या साचेखात्यांत मराठा कामगारांच्या बरोबरीने मुसलमान विणकर मोठ्या संख्येने काम करीत होते. रूढ सोवळ्याच्या नियमाप्रमाणे त्यांचा उष्टा धोटाही सवर्ण हिंदूला चालावयास नको होता. तो चालला. म्हणजे शुद्धाशुद्धतेची कल्पना जशीच्या तशी गिरणीत आलेली नव्हती. जेथे अधिक पगाराची जागा राखावयाची होती, तेथे ती निवडून वापरण्यात आली. विटाळ हा येथे नुसता श्रद्धेचा विषय राहिला नव्हता. तो मजुरीच्या वाटणीचा नियम झाला होता.

या नियमातील विपर्यास आणखी एका बाजूने दिसतो. विदर्भात महार समाजामध्ये हातमागावर जाडेभरडे कापड विणण्याचा व्यवसाय पूर्वापार होता. गुजरातमधील वणकर समाज तर नावानेच विणकर आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग होता, त्यांनाच यंत्राच्या मागापासून दूर ठेवण्यात आले. अहमदाबादेतही हेच घडले. तेथे अस्पृश्य कामगार कताईकडे आणि पाटीदार व मुसलमान कामगार विणाईकडे, अशी विभागणी झाली आणि १९२० साली स्थापन झालेल्या मजूर महाजनाची रचनाच खातेनिहाय संघांची असल्यामुळे ती विभागणी संघटनेतही उतरली. मुंबईत लाल बावट्याची संघटना वर्गाच्या नावाने उभी होती. तिच्याकडून वेगळी अपेक्षा करणे रास्तच होते.

२. आरंभ कोठून मानावा

कामगार चळवळीचा आरंभ कोठून मानावा, हा प्रश्न केवळ तारखेचा नाही. पुष्कळ ग्रंथांत हा आरंभ पहिल्या महायुद्धानंतरच्या संपांपासून अथवा १९२० साली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसपासून धरला जातो. त्याआधीचे जे काही, ते परोपकारी सज्जनांचे कार्य म्हणून एका बाजूला ठेवले जाते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबाबतीत असेच झाले. त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला सभासदांची नोंद नव्हती, वर्गणी नव्हती, घटना नव्हती. म्हणून ती संघटना नव्हे, असा निवाडा अनेकांनी दिला.

हा निवाडा तांत्रिक दृष्ट्या बरोबर असेल. इतिहासाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि १८८० पासून 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचे निवेदन तयार केले आणि १८९० साली गिरणीमालकांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य करावी लागली. ज्या माणसाच्या प्रयत्नाने हजारो कामगारांना आठवड्याचा एक दिवस स्वतःचा मिळाला, तो माणूस जातिविरोधी चळवळीतून आलेला होता, ही गोष्ट गौण कशी मानावी ? मनोहर कदम यांनी १९९५ साली लोखंडे यांच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध करून ही उणीव दूर केली. त्या ग्रंथाचे महत्त्व केवळ एका विस्मृत पुरुषाचा परिचय करून देण्यात नाही. या देशात कामगारांचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच मुळातून वर आले, हे त्या ग्रंथाने कागदपत्रांनिशी पुढे आणले.

सीताराम केशव बोले यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. कामगार चळवळीचे अभ्यासक त्यांना १९०९ सालच्या कामगार हितवर्धक सभेमुळे ओळखतात. आपले वाचक त्यांना ओळखतात ते ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडणारे सदस्य म्हणून, कारण त्या ठरावातूनच पुढे महाडचा सत्याग्रह उभा राहिला. माणूस एकच, परंतु दोन इतिहासांनी त्याचे दोन तुकडे करून आपापल्या कपाटात ठेवले आहेत.

३. १९२८ : यादीतील मागणी

२६ एप्रिल १९२८ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. याच काळात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि वर्षअखेरपर्यंत तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली. या संपातील कामगारांचे धैर्य आणि नेत्यांचा त्याग कोणीही नाकारू नये. त्यांतील प्रमुख नेत्यांना मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात अटक झाली आणि त्यांनी वर्षानुवर्षे तुरुंगवास भोगला.

परंतु याच संपातील एक प्रसंग धनंजय कीर यांनी १९५४ सालच्या आपल्या चरित्रग्रंथात नोंदविला आहे. बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांपुढे अट घातली : अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे, ही मागणी तुम्ही स्वीकारा, नाहीतर त्यांनी संपापासून दूर राहावे असा सल्ला मी देईन. नेत्यांनी नाराजीने ती मागणी आपल्या मागण्यांत घेतली. आणि ती मालकांपुढे मांडली गेली तेव्हा मालकांनी नेत्यांना सुनावले की, हा अन्याय आहे हे खरे, परंतु तो आमच्याकडून होत नाही.

मालकांच्या या उत्तरात लबाडी होती. भरती मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या हाती सोपवून त्यातून होणाऱ्या भेदाचा फायदा मालकच घेत होते. कामगारांत फूट राहणे त्यांच्या हिताचे होते. तथापि त्या उत्तरातील अर्धे सत्य डाव्या इतिहासलेखनाला आजवर पचविता आलेले नाही. साचेखात्याच्या दाराशी पहारा मालकाच्या भय्याचा नव्हता. तो आतील कामगाराचाच होता. त्यामुळे ही मागणी इतर मागण्यांसारखी नव्हती. बाकीच्या मागण्या मालकाकडून मिळवावयाच्या होत्या, ही आधी आपल्याच सभासदांकडून मिळवावयाची होती. जी मागणी संघटनेने स्वतःच्या सभेत, स्वतःच्या चाळीत, स्वतःच्या गिरणी समितीत अमलात आणावयाची, ती केवळ मालकाला द्यावयाच्या यादीत लिहिली म्हणजे काय साधणार ? ती यादीत आली, लढ्याच्या केंद्रस्थानी आली नाही.

१९२९ च्या संपात बाबासाहेबांनी अस्पृश्य कामगारांना कामावर जाण्याचा सल्ला दिला, यावरून त्यांच्यावर आजही संपफोडेपणाचा आरोप केला जातो. हा आरोप करणारे एक गोष्ट विसरतात. परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षे राहिलेल्या बाबासाहेबांना सहा महिन्यांच्या संपानंतर रिंग खात्यातील कामगाराच्या घरात काय उरते, हे पुस्तकातून वाचावे लागत नव्हते. कमी पगाराचा कामगार संपात आधी कर्जबाजारी होतो. संप जिंकला तर सर्वाधिक लाभ ज्या खात्याला होणार, त्या खात्याचे दार त्याला बंदच. अशा माणसाला वर्गैक्याच्या नावाने आणखी एका संपाची हाक देणे सोपे होते; तिचा हिशेब त्याला समजावून सांगणे अवघड होते. बाबासाहेबांचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतो. परंतु तो कामगारविरोधी होता असे म्हणावयाचे असेल, तर रिंग खात्यातील अस्पृश्य स्त्री-पुरुषांना आधी कामगारांतून वगळावे लागेल.

४. अभ्यासकांची दृष्टी

मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अर्थेतिहासकाराचा मुंबईच्या गिरणी कामगारांवरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय माणूस जातीमुळे कारखान्यात येण्यास नाखूष असतो, ही तोवरची प्रचलित समजूत त्यांनी आकडेवारीने खोडून काढली. मुंबईला मजुरांचा तुटवडा कधी पडला नाही आणि जातीने उद्योगाची वाट अडविली नाही, हा त्यांचा निष्कर्ष आहे. ग्रंथाचे हे योगदान मोठे आहे. साचेखात्यातील बंदीची नोंदही त्यांनी घेतली आहे.

त्यांच्या निष्कर्षातील उणीव प्रश्नाच्या मांडणीत आहे. जातीमुळे उद्योग अडला काय, असा प्रश्न विचारला की उत्तर नाही असे येते. उद्योगामुळे जात अडली काय, असे विचारले की उत्तर तेच, नाही असे येते. पण त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो. गिरणी विनासायास चालली, कारण तिने जातीशी तडजोड केली. मालकाच्या दृष्टीने जी सुरळीत भरती, ती रिंग खात्यातील कामगाराच्या दृष्टीने आयुष्यभराची कुंठितता होती. अर्थशास्त्राला पहिली गोष्ट मोजता आली, दुसरी मोजावी असे वाटले नाही.

राजनारायण चंदावरकर यांचा १९९४ सालचा ग्रंथ याहून पुष्कळ पुढे गेला आहे. कामगाराची संघटनाशक्ती गिरणीच्या फाटकात संपत नाही. चाळ, खानावळ, उधारीचा दुकानदार, व्यायामशाळा अशा वस्तीतील नात्यांवर ती उभी असते, हे त्यांनी फार बारकाईने दाखविले. मुकादमाला सर्वशक्तिमान मानण्याची चूकही त्यांनी दुरुस्त केली. परंतु त्यांच्या मांडणीत कामगारांतील जातिभेद हा खाते, गाव, कौशल्य, भाषा यांसारख्या अनेक भेदांपैकी एक होऊन जातो. गाव बदलता येते, कौशल्य शिकता येते. जन्माने ठरलेला आणि ओठांच्या स्पर्शापर्यंत पोहोचलेला भेद या मालिकेत बसत नाही. शिवाय वस्ती ही संघटनेची शक्ती असेल, तर ती वस्तीच जातवार चाळींत विभागलेली असताना शक्ती कोणाची, हा प्रश्न उरतोच.

या दृष्टीने नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला गिरणगावातील मुलाखतींचा संग्रह मोलाचा आहे, कारण तेथे कामगार स्वतः बोलतो. आणि अशा बोलण्यापुढे आपले ललित साहित्यही पुराव्यासारखे ठेवावे लागते. बाबूराव बागूल यांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेतील कामगार आहे. कामगार म्हणून त्याला सहकाऱ्यांचे प्रेम मिळते. जात कळताच मार मिळतो. वर्गबंधुत्वाला जातीची अट किती खोलवर जडलेली असते, हे ती कथा जितके स्पष्ट दाखविते तितके एखाद्या चौकशी समितीचा अहवालही दाखवीत नाही.

५. मनमाडचे भाषण : एक संहिता

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी केलेले भाषण आपल्या सभासंमेलनांत वारंवार उल्लेखिले जाते. परंतु बहुधा त्यातील एकच विधान : कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे विधान घोषणा म्हणून इतके रूढ झाले आहे की त्यामागील युक्तिवाद वाचण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. संपूर्ण भाषण संहिता म्हणून वाचले असता त्यातील तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी व्याख्येची आहे. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता अथवा सवलती नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता या तत्त्वांचा नकार होय, असे बाबासाहेब सांगतात. आणि हा नकार ब्राह्मणांपुरता मर्यादित नसून सर्व वर्गांत भिनलेला आहे, असेही बजावतात. या व्याख्येमुळे साचेखात्याच्या दाराशी उभा असलेला ब्राह्मणेतर कामगारही ब्राह्मणशाहीचा वाहक ठरतो.

दुसरी पायरी पुराव्याची आहे, आणि ती अत्यंत ठोस आहे. रेल्वेत अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला हमालाची जागाही सहसा मिळत नाही. कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यावयाचे? एका कनिष्ठ सरकारी जागेचे दार स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघराच्या दारावर अवलंबून असावे, हे निरीक्षण कोणत्याही समाजशास्त्रज्ञाने हेवा करावा असे आहे. पुढे गिरणीतील साचेखात्याचा दाखला येतो. ब्राह्मणशाही केवळ सहभोजन व विवाह यांपुरती नसून आर्थिक संधीही तीच ठरविते, हे या दाखल्यांतून सिद्ध होते.

तिसरी पायरी निष्कर्षाची आहे, आणि तीच आपण सर्वांत कमी वाचतो. अस्पृश्य कामगारांनी वेगळे जमून कामगारांत फूट पाडली, हा आक्षेप बाबासाहेब स्वतःच उपस्थित करतात आणि त्याला उत्तर देतात. ऐक्य हवे असेल तर वैराची कारणे नाहीशी करावी लागतील; एका कामगाराने जे हक्क स्वतःसाठी मागावयाचे, ते दुसऱ्याला नाकारणे चूक आहे, हे कामगारांना सांगण्याचे काम पुढाऱ्यांनी केले नाही. म्हणजे हे भाषण कामगार ऐक्याच्या विरोधात नाही. ऐक्याची पूर्वअट सांगणारे ते भाषण आहे, आणि ते कामगार चळवळीच्या आतून केलेले आहे.

६. ७ नोव्हेंबर १९३८

हे सिद्ध करणारा प्रसंग त्याच वर्षी घडला. मुंबई सरकारने औद्योगिक कलहासंबंधीचे विधेयक आणले. त्यात समेटाची प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर व शिक्षापात्र ठरत होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९३८ रोजी विधानसभेत त्याला विरोध केला. संप हा फार तर कराराचा भंग आहे, तो गुन्हा नव्हे. काम न करणाऱ्याला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय, आणि संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्कापासून निराळा नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी तो एकत्र लढविला. कामगार मैदानावरील सभेत बाबासाहेब, डांगे, निंबकर आणि परुळेकर एकाच व्यासपीठावर होते. त्या दिवशी पोलिसांचा गोळीबारही झाला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी साचेखात्यावरून वाद झाला, त्यांच्याच बरोबर बाबासाहेब उभे राहिले; कारण या वेळी प्रश्न रिंग खात्याचाही होता आणि साचेखात्याचाही.

येथे आपल्या स्वतःच्या लेखनाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. १९२८-२९ चा विरोध आपण चवीने सांगतो; १९३८ चा संप ओझरता सांगतो. शामराव परुळेकर स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते, हे आपल्या तरुणांना ठाऊक नसते, कारण पुढे ते कम्युनिस्ट झाले. १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत ज्यांनी पुढाकार घेतला ते रामचंद्र बाबाजी मोरे १९३० साली कम्युनिस्ट पक्षात गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहून अस्पृश्यतेच्या प्रश्नावर पक्षाला जाब विचारीत राहिले. २००३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र, जे त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पूर्ण केले, आपल्या किती विहारांच्या ग्रंथालयांत आहे ? मोरे यांनी निवडलेला मार्ग आपण निवडणार नाही. परंतु ज्या माणसाने दोन्ही घरांत राहून दोन्हींकडची उणीव पाहिली, त्याचे न वाचणे हे आपलेच नुकसान आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी केलेले कार्य वाचकांना विदित आहेच. येथे एकच गोष्ट नोंदवितो. मालकांनी प्रातिनिधिक संघटनेला मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी १९४३ साली मांडले. १९४७ साली तशी दुरुस्ती संमत झाली, परंतु ती कधीही अमलात आली नाही. संघटनांचा विरोधक असे विधेयक मांडत नसतो.

७. समग्ग आणि वग्ग

आता पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाने या विषयात काय सांगावे ? प्रथम एक सावधगिरी. आपल्याकडे सिगालोवाद सुत्ताला कामगारांची सनद म्हणण्याची प्रथा पडली आहे. त्या सुत्तात दास व कम्मकर यांना हेट्ठिमा दिसा, म्हणजे खालची दिशा मानून त्यांच्याविषयी धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, विशेष पदार्थांत वाटा आणि योग्य वेळी मोकळीक. शेवटच्या 'समये वोस्सग्ग' या पदाचे स्पष्टीकरण करताना अट्ठकथाकार म्हणतात की, दिवसभर काम करणारे थकतात, म्हणून ते थकणार नाहीत अशा बेताने त्यांना रोज सोडावे आणि सणासुदीलाही मोकळीक द्यावी. कामाच्या तासांची मर्यादा आणि सुट्टी या दोन्ही कल्पना येथे बीजरूपाने आहेत, यात शंका नाही. परंतु हा गृहस्थधर्माचा उपदेश आहे. त्यात दिशा खालचीच राहते, आणि धनी कर्तव्य चुकला तर कम्मकरांनी एकत्र येऊन काय करावे, हे तेथे सांगितलेले नाही. त्याचप्रमाणे जातकांतील 'सेणि' म्हणजेही कामगार संघटना नव्हे. त्या कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणी होत्या आणि त्यांचे प्रमुख बहुधा सधन असत. जे ग्रंथात नाही ते ग्रंथावर लादल्याने ग्रंथाचा गौरव होत नाही.

कामगार संघटनेसाठी खरा बोध सिगालोवादात नसून विनयात आहे, कारण विनय हा समूहाच्या रचनेचा ग्रंथ आहे. भिक्खुसंघाचे कोणतेही कर्म वैध होण्यासाठी सीमेतील संघ 'समग्ग' असावा लागतो. जे उपस्थित नाहीत त्यांची संमती आलेली असावी लागते. अपुऱ्या समूहाने केलेले कर्म 'वग्गकम्म' ठरते आणि महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकाप्रमाणे ते करण्यास योग्य नव्हे. हा 'वग्ग' शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. पालित 'वग्ग' असे दोन शब्द एकरूप झाले आहेत. एक संस्कृत 'वर्ग' वरून आलेला, समूह या अर्थाचा. दुसरा 'व्यग्र' वरून आलेला, 'समग्र' च्या उलट, विस्कळीत वा अपूर्ण या अर्थाचा. कानाला दोन्ही सारखेच. मुंबईच्या संघटनेने स्वतःला वर्ग म्हणवून घेतले. रिंग खात्यातील सभासद ज्या सभेत येत होता पण ज्याचा प्रश्न तेथे येत नव्हता, ती सभा विनयाच्या परिभाषेत दुसऱ्या अर्थाने वग्ग होती.

समग्गता कशी निर्माण करावयाची, याचेही उत्तर तेथेच आहे. अंगुत्तरनिकायातील पहाराद सुत्तात महासागराच्या दृष्टांताने सांगितले आहे की, नद्या सागराला मिळताना आपली नावे सोडतात, तसेच चारही वर्णांचे लोक संघात येताना नाव-गोत्र सोडतात. हे काव्य म्हणून आपण सर्वजण सांगतो. परंतु चुल्लवग्गातील उपालीचा प्रसंग त्याची कार्यपद्धती सांगतो. शाक्य कुमारांनी स्वतःच विनंती केली की, आमचा सेवक असलेल्या न्हावी उपालीला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा मान गळेल. येथे समतेची घोषणा नाही, क्रमाची व्यवस्था आहे. ज्याचा मान गळावयाचा त्याने स्वतः ती मागितली, आणि तिच्यामुळे त्याला रोज वाकावे लागले. १९२८ साली साचेखात्यातील कामगारांनी स्वतः पुढे होऊन रिंग खात्यातील बांधवाला आधी आत घ्या अशी मागणी केली असती, तर त्या संपाचा इतिहास निराळा झाला असता.

८. आजचा प्रश्न

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधीच तडजोडीने मिटला नाही आणि गिरणगाव हळूहळू नाहीसे झाले. साचेखाते आता राहिले नाही. परंतु त्याचे दार राहिले आहे. कायम आणि कंत्राटी यांतील सीमारेषा पुष्कळदा जुन्याच जागी पडते. मुंबईच्या कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांत मोठा भाग दलितांचा आहे. त्यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय टिकला. कायम कामगारांच्या मोठमोठ्या संघटना असलेल्या शहरात कंत्राटी सफाई कामगाराला स्वतःचा संघ काढून इतकी वर्षे लढावे लागले, यातच पुष्कळ काही आले. दुसरीकडे २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कोणत्याही औद्योगिक आस्थापनेतील संपासाठी १४ दिवसांची पूर्वसूचना आवश्यक केली आहे. १५ सप्टेंबर १९३८ चे भाषण त्यामुळे पुन्हा वाचण्याजोगे झाले आहे.

इतिहासलेखकांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते की, कोणत्याही संघटनेचा इतिहास लिहिताना संपांची संख्या व सभासदांची नोंद यांच्या आधी तिच्या सभेत कोण बसले होते, कोण उभे होते आणि कोण आलेच नव्हते, हे तपासावे. आणि आपल्या वाचकांपैकी जे आज कारखान्यांत, रेल्वेत, बँकांत वा महापालिकांत संघटनांचे पदाधिकारी आहेत, त्यांनी हाच प्रश्न आपल्या पुढील सभेत विचारावा : आपल्याच आस्थापनेतील कंत्राटी कामगार या सभेत आहे काय, आणि नसेल तर त्याची संमती न घेता आपण करीत असलेले कर्म समग्ग आहे की वग्ग ?